शेवटचे नऊशे मीटर

दिल्लीचा पाहुणा आमच्या रिसॉर्टला यायचा तो असा: दिल्ली ते नागपूर विमानानं, नागपूर ते आमचं फाटक डिझेलच्या दोन टनी गाडीनं, आत एसी सोळावर, आणि फाटकापासून रिसेप्शनपर्यंतचे शेवटचे नऊशे मीटर बैलगाडीनं, पर्यावरणासाठी.

हे नऊशे मीटर माझ्या काकाजीच्या ताब्यात होते.

रिसॉर्टचं नाव ‘नीरव’. चोरखमारा तलावाच्या अंगाला, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपून जंगल सुरू होतं तिथं, २०१४ च्या दिवाळीच्या तोंडावर ते उघडलं. बारा तंबू होते. भिंती कापडाच्या म्हणून त्यांना तंबू म्हणायचं. आत सागवानाचा पलंग, लिहायचं टेबल आणि दोन माणसं झोपतील एवढा आंघोळीचा टब. टबावर सुंदर अक्षरात पाटी होती: पाणी जपून वापरा.

मी तिथं निसर्ग समन्वयक होतो. गोंदियाला बी.एस्सी. केल्यावर दोन वर्षं मी कशाचंच समन्वयन करत नव्हतो, त्यामुळे हुद्दा मोठाच वाटला. काम एवढंच, की पाहुण्यानं पक्ष्याचं नाव विचारलं तर सांगायचं. पाहुणे सहसा पक्षी उडून गेल्यावर विचारत, त्यामुळे माझी चूक कधी सापडली नाही.

मॅनेजर साहेब पुण्याचे होते आणि मनापासून चांगले होते. हे सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांचं थोडं हसू होणार आहे. त्यांनी प्लॅस्टिकच्या नळ्या बंद करून सरबतासाठी बांबूच्या नळ्या आणल्या. आसामहून आणल्या. नळ्यांचं खोकं उघडल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बांबूच होता. पुढच्या खेपेला त्यांनी गावच्या बुरडाकडून नळ्या घेतल्या आणि त्याच्यासमोर स्वतःची चूकही कबूल केली. बुरडाला आसाम कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण त्यानं माफ केलं.

बैलगाडीची कल्पनाही साहेबांचीच. धूर नाही, आवाज नाही, आणि माहितीपत्रकात छापायला ‘संथ प्रवास’ हे दोन शब्द. गावातली एखादी बैलजोडी भाड्यानं मिळेल का, असं त्यांनी मला विचारलं, आणि मी विचार न करता हो म्हणालो. खरं तर विचार केला होता, म्हणूनच हो म्हणालो.

भुवनेश्वर काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून आले असं घरात प्रत्येक लग्नात सांगतात. घरी आम्ही पोवारीत बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मी बोलणं जरा सरळ करून लिहून राहिलो. काकाजीची सहा एकर धानाची शेती होती, पण कोणी विचारलं तुम्ही काय करता, तर शेती करतो असं ते कधी म्हणाले नाहीत. ते म्हणत, मी पट हाकतो.

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान निघालं की आमच्या भागात गावोगाव पट भरायचे. हलकीशी छकडी, तिला एक जोडी, छकडीवर मागं एक माणूस, आणि सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ. काकाजीची जोडी पांढरी होती. डावा हावडा, उजवा मेल. गोंदिया स्टेशनावर उभं राहून त्यांनी हावडा मेल येताना पाहिली आणि वासरांची नावं तिथंच ठरवली. दोघांना रोज सहा अंडी, दूध, उडदाची भरड. घरात पाहुणा आला तर त्याला अंडं विचारून मिळायचं, बैलांना न विचारता.

२०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. काकाजीनं पेपर गोठ्यात नेला आणि बातमी मोठ्यानं वाचली. असं काऊन करून राहिले म्हणून मी विचारलं.

“त्याईच्याच बद्दल हाये,” ते म्हणाले. “त्याईले माहीत नको?”

मग प्रश्न आला की पटाच्या बैलांचं करायचं काय. जुलैत काकाजीनं त्यांना चिखलणीला जुंपलं. अर्धा तास लागणारी बांधी दोघांनी चार मिनिटांत संपवली आणि तशीच पुढची बांधी घेतली. ती केशोरावची होती, आणि तिच्यात दोन दिवसांपूर्वीच रोपं लावून रोवणा झाला होता. केशोराव बांधावर उभा राहून बघत होता. तो एवढंच म्हणाला, “भुवनेश्वरभाऊ, तुमचे बैल मेहनती हायेत, पर त्याईले कोणतं शेत कोनाचं ते सांगा.” त्यानंतर गावात कोणी ती जोडी उसनी मागितली नाही.

रविता काकीनं तेव्हा छोटेलालला बोलावलं. छोटेलाल जनावरांचा दलाल. तो आला, बैलांचे दात बघितले, खांद्यावर हात फिरवला आणि पलीकडच्या बाजारात बघू म्हणाला. पलीकडच्या बाजारात बिनकामाचे बैल जातात आणि तिथून कुठं जातात, ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. काकाजीनं छोटेलालला चहा दिला आणि तो जाईपर्यंत ते दोन्ही बैलांच्या मधे उभे राहिले. काकी दुष्ट नव्हती. चार वर्षांपूर्वी एका पटात छकडी उलटून काकाजीच्या डाव्या गुडघ्याचा चुरा झाला, तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात अकरा दिवस ती स्टुलावर बसून होती. तिला त्या बैलांकडे बघितलं की ते स्टूल आठवायचं.

म्हणून मी साहेबांना हो म्हणालो. रिसॉर्टनं जोडी ठेवली तर बैल गोठ्यात राहणार, नाही ठेवली तर छोटेलालच्या गाडीत चढणार, एवढा साधा मामला होता.

पहिली फेरी चाचणीची. साहेब स्वतः रेंगीत बसले. रेंगी म्हणजे माणसं न्यायची छोटी बैलगाडी. हिच्यात गाद्या आणि वर गवताचं छत. साहेबांच्या हातात स्वागताचं अंबाडीचं सरबत होतं, पाहुण्याला कसं वाटेल ते बघायचं म्हणून. काकाजी पुढच्या बाजूला, बैलांच्या मागं, आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि जिभेनं हलकासा आवाज केला.

नऊशे मीटरला एक मिनिट दहा सेकंद लागले. सरबत त्याआधीच पोचलं होतं. साहेब खाली उतरले, चष्मा शोधला, आपले हातपाय आपलेच आहेत याची खात्री केली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “अनुभव उत्तम आहे. पण आपला नाही.”

माहितीपत्रकात पंचवीस मिनिटं छापलं होतं. साहेबांनी आठ दिवस दिले.

ज्या माणसानं उभं आयुष्य बैलांना धावायला शिकवण्यात घातलं, तो आता त्यांना हळू चालायला शिकवायला बसला. पहिल्या दिवशी रेंगीत वाळूची पोती टाकली. बैलांना वाटलं, मोठा पट जवळ आला, तयारी सुरू झाली. ते आणखी जोरात पळाले. दुसऱ्या दिवशी बाजा आणला, वरातीच्या चालीवर चालतील म्हणून. पण पटातही बाजा वाजतो. बाजेवाले तीन दिवस सापडले नाहीत. चौथ्या दिवशी मीच सुचवलं की पुढं रुख्माबाईची म्हैस चालवावी, तिच्यामागं जोडी आपोआप हळू चालेल. रुख्माबाईची म्हैस अख्ख्या गावात संथ म्हणून ओळखली जायची. त्या दिवशी तिनं मागं वळून एकदा बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा पळाली. पुढं पंधरा दिवस ती दूध देईना, आणि रुख्माबाई रस्त्यात भेटली की मला बी.एस्सी. म्हणून हाक मारायची.

सातव्या दिवशी काकाजी थकले. उतरले, दोरी खांद्यावर टाकली आणि बैलांकडे न बघता लंगडत घरच्या वाटेला लागले. मी रेंगीतच बसलो होतो. माझ्या लक्षात आलं की झाडं मागं जाऊन राहिली, आणि अगदी सावकाश. हावडा आणि मेल मान खाली घालून काकाजीच्या मागं चालले होते. काकाजी थांबले की थांबत. त्यांनी पाय ओढला की हे जरा दम धरत.

काकाजीला मग उमगलं. वासरं होती तेव्हापासून ते दोघांना असंच, दोरी खांद्यावर टाकून, तलावावर पोहायला न्यायचे. बैलांच्या लेखी हिशोब साफ होता: माणूस मागं असला तर धावायचं, माणूस पुढं असला तर पाण्यावर जायचं. नऊशे मीटर, लंगड्या गुडघ्याच्या चालीनं, पंचवीस मिनिटं. पत्रक नव्यानं छापायची गरज पडली नाही.

चार महिने हे झकास चाललं. पाहुणे गादीवर टेकून फोटो काढत, पुढं पांढऱ्या बंडीतला एक म्हातारा लंगडत चाले, आणि आजूबाजूनं कापलेल्या धानाचा वास येई. एका बाईंनी मला सांगितलं की मुंबईत त्यांना असा वेळ मिळत नाही. मी म्हणालो, हो, तो इथंच तयार होतो.

फेब्रुवारीत मॅडम आल्या.

साहेबांना आपल्या रिसॉर्टसाठी हिरवं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं की परदेशी पाहुणे येतात. ते देणाऱ्या संस्थेनं पाहणीला एक मॅडम पाठवल्या. नाशिककडच्या, पन्नाशीच्या, पायात चांगले जाड बूट. त्या दोन दिवस राहिल्या आणि त्यांनी सगळं बघितलं. कचरा उचकून बघितला. सांडपाणी कुठं जातं त्या वाटेनं स्वतः चालत गेल्या. टब बघितला आणि पाटी वाचली, मग परत टब बघितला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी अकरा टब काढायचा हुकूम दिला. बारावा का ठेवला ते मला माहीत नाही.

सगळ्यात जास्त गुण वाहतुकीला होते. त्यात आम्ही कमी पडलो तर नागपूरहून बॅटरीच्या गाड्या घ्यायच्या आणि बैलगाडी बंद करायची, असं मालकांनी आधीच ठरवून टाकलेलं. साहेबांनी हे मला सांगितलं, मी काकाजीला सांगितलं. छोटेलाल शिवरात्रीनंतर येतो म्हणून गेला होता, हे सांगायची गरज नव्हती.

मॅडम फाटकाशी रेंगीत चढल्या, गुडघ्यावर कागद ठेवले. साहेब शेजारी, मी मागं लोंबकळत. काकाजीनं दोरी खांद्यावर टाकली आणि चालायला लागले. पन्नास पावलं गेली असतील, मॅडमनी थांबायला सांगितलं.

त्यांनी विचारलं की हे गृहस्थ का चालतायत. साहेब म्हणाले की तशी इथली रीत आहे. मॅडमनी विचारलं, कुणाची रीत? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी एका झाडाकडे बघितलं. मग मॅडम शांतपणे म्हणाल्या की त्यांच्याकडे एक कलम आहे, काम करणाऱ्याच्या सन्मानाचं. पाहुणा गादीवर आणि साठीचा लंगडा माणूस उन्हात गाडीच्या पुढं, हे त्या कलमात बसत नाही. त्यांना वर बसवा, नाहीतर मला गुण देता येणार नाहीत.

खोटं काय होतं त्यात? मी चार महिने त्या गादीच्या मागं लोंबकळत होतो आणि मला एकदाही ते दिसलं नव्हतं. मला पंचवीस मिनिटंच दिसत होती.

पण बसवायचं म्हणजे काय, ते आम्हा तिघांना माहीत होतं. साहेबांनी हळूच चष्मा काढून खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मी मॅडमच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली. गाडीतली मातीची सुरई उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवली. रिसेप्शनला फोन करून सांगितलं की पायऱ्यांवर कोणी उभं राहू नका, सरबत तर अजिबात आणू नका. मॅडम हे सगळं लिहून घेत होत्या. बहुधा सुरक्षिततेच्या रकान्यात.

काकाजी चढले. बैलांच्या मागं, जुन्या जागी. पाय लाकडात रोवले, चांगला गुडघा पुढं, दुखरा मागं. दोरी दोन्ही हातांत घेतली आणि मनगटाला एक वळसा दिला. चार महिने वाकलेली पाठ सरळ झाली. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं की ते घाबरलेले नाहीत. त्यांना हे हवंच होतं. जोडी गेली तर गेली, पण त्याआधी एकदा.

ते मागं न बघता मॅडमला म्हणाले, “घट्ट धरा जी.”

आणि जिभेनं तो आवाज केला.

मी डोळे मिटले होते, त्यामुळे पहिले काही क्षण मला वाटलं की आपण पोचलो. डोळे उघडले तर सुरई शेजारीच होती.

बैल उभे होते.

काकाजीनं पुन्हा आवाज केला. मेलनं कान मागं केला. तिसऱ्यांदा केला, दोरी जरा हलवली. हावड्यानं सावकाश पूर्ण मान वळवली, काकाजीकडे बघितलं, मग पुढच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि पुन्हा काकाजीकडे. म्हणजे असं, की तुम्ही इथं काय करून राहिले, चालाचं नाही का?

काकाजीच्या मनगटावरचा दोरीचा वळसा आपोआप सुटला.

“विसरले,” ते म्हणाले.

मॅडमनी मला विचारलं, काय विसरले? मी सांगायला लागलो, पट, छकडी, नावं कशी पडली, कोर्ट, केशोरावची बांधी, म्हैस. म्हैस सांगायला नको होती, पण ती आलीच. मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या कागदावर एकही शब्द पडत नव्हता. शेवटी त्यांनी काकाजीलाच विचारलं की तुम्हाला काय हवं आहे, बसायचं की चालायचं.

“मले बैल पाहिजे जी,” काकाजी म्हणाले. “मंग तुमी चालाले लावा, का बसाले लावा.”

मॅडम गाडीतून उतरल्या. काकाजी उतरून पुढं झाले तर त्या त्यांच्या शेजारी चालू लागल्या. मॅडम चालतायत म्हटल्यावर साहेबांनाही उतरावं लागलं, आणि साहेब उतरले म्हणून मी. रिकामी रेंगी, गाद्या आणि छत घेऊन, आमच्या मागं येत राहिली. जाड बुटांमुळे मॅडमना काही वाटलं नाही. साहेबांच्या एका चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या आणि शेवटचे तीनशे मीटर ते अनवाणी चालले, आणि रिसेप्शनला पोचल्यावर म्हणाले की माती गरम आहे, पण बरं वाटतंय. तेव्हापासून नियम झाला: धडधाकट पाहुणा चालणार, सामान आणि ज्याला चालवत नाही तो रेंगीत. पुढं चालणारा माणूस हा यजमान, आणि पाहुण्यानं त्याच्या बरोबरीनं चालायचं.

पण मॅडमची आणखी एक अट होती. रोजच्या चार फेऱ्या एका दुखऱ्या गुडघ्यावर नाही चालणार. महिन्याच्या आत बैल ज्याच्या मागं जातील असा दुसरा माणूस उभा करा, दोन फेऱ्या त्याच्या. तोपर्यंत गुण राखून ठेवते.

दुसरा माणूस म्हणून मी स्वतः उभा राहिलो. दोरी खांद्यावर टाकली, लंगडूनही बघितलं. बैल रवंथ करत उभे राहिले. साहेबांनी प्रयत्न केला, अनवाणी. दोन आचारी आणि एक माळी झाला. संध्याकाळपर्यंत रिसॉर्टमधल्या प्रत्येक माणसाच्या मागं जायचं बैलांनी नाकारलं होतं, आणि सगळ्यांच्या मनाला थोडं लागलं होतं.

खरं तर माणूस होता, एकच. रोज पहाटे बैलांसमोर खुराकाची टोपली ठेवणारी काकी. शिव्या देत ठेवायची, पण ठेवायची. मी काकाजीला म्हटलं की काकीला विचारा.

“नाही विचारत,” ते म्हणाले. “थ्या बाईनं दवाखान्यात माह्यासाठी अकरा दिवस काहाडले. आता तिले कोन्या तोंडानं सांगू, का ज्याईनं माहा पाय मोडला त्याईच्या समोर चाल?”

आणि खरंच त्यांनी विचारलं नाही. घरी आले, बैल बांधले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. मी मुद्दाम तिथंच जेवायला थांबलो. काकीनं कढी वाढता वाढता विचारलं की ती नाशिकवाली बाई काय म्हणाली. काकाजी खाली बघून भात कालवत राहिले.

“मी मांगं बसलो होतो,” शेवटी ते म्हणाले. “तीनदा आवाज देल्ला. नाही हलले.”

“कोन?”

“दोघंबी. विसरले थे.”

“काय विसरले?”

“धावनं.”

काकीचा हात तसाच राहिला. कढी वाडग्याच्या काठाशी आली होती, ती सांडली नाही. मला वाटलं ती खुश होईल, निदान सुटल्यासारखा श्वास तरी घेईल. तिनं कढी वाढली आणि त्यांच्या ताटात न विचारता आणखी थोडा भात टाकला. मग मला विचारलं, दुसऱ्या माणसाचं काय ठरलं. मी म्हटलं, कोणी सापडत नाही. ती उठून गोठ्यात गेली.

सकाळी दहाच्या फेरीला मी फाटकाशी उभा होतो. रेंगी आली ती काकीच्या मागं. डोक्यावर पदर, दोरी खांद्यावर, आणि चेहरा असा, की साहेबांनी तिला नमस्कार करून दोन पावलं मागं सरकून घेतलं. तिनं मला विचारलं, “कितीक चालाचं हाये?” मी म्हटलं नऊशे मीटर. ती म्हणाली, मीटर तुह्या घरी ठेव, झाड सांग. मी रिसेप्शनपुढचं मोहाचं झाड दाखवलं.

शिवरात्र झाली आणि छोटेलाल आला. काकीनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, बैल कामावर गेले. तो म्हणाला, येतील तवर बसतो. ती म्हणाली, थे सांजच्याले येतेत, मंग त्याईले आराम लागते. छोटेलालनं चहा संपवला. बैलांच्या ड्युटीच्या वेळा सांगणारं घर त्यानं धंद्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

प्रमाणपत्र एप्रिलमध्ये आलं. काकीच्या फेऱ्या पाहुण्यांना जास्त आवडू लागल्या, कारण ती सगळा रस्ता बोलत असते. बैलांशी बोलते. हावड्याला म्हणते, तुह्यापायी माह्या घरची अंडी गेली. मेलला म्हणते, तू तं दिसतो गरीब, पर त्या दिवशी छकडी तूच उलटवली, मले माहीत हाये. पाहुणे बरोबरीनं चालत आदरानं ऐकतात आणि मला अर्थ विचारतात. मी सांगतो की त्या जंगलाची जुनी कथा सांगतायत. हे माझ्या हुद्द्याच्या बाहेर जात नाही.

काकीच्या फेरीला काकाजी रेंगीत बसतात, सामानाबरोबर. मागच्या बाजूला तोंड करून, पाय खाली सोडून, म्हणजे गेलेला रस्ता दिसतो. परवा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पाहुणे चालत पुढं गेले होते, रस्ता मोकळा होता, खालची माती वाळून चांगली टणक झाली होती, पटाला लागते तशी. काकाजीनं ती बघितली. मग मान न वळवता, पाहुण्यांना नाही पण काकीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, “जराशी जोरानं चाल ना व.”

“काऊन?” काकी म्हणाली.

काकाजीनं विचार केला.

काकी चार पावलं जोरानं चालली. मोजून चार. बैलांनी मान वर केली, रेंगी खडखडली, एक बॅग सरकून माझ्या पायावर आली आणि काकाजीनं छताचा बांबू धरला. मग ती पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली, आणि हावड्याला अंड्यांचं जिथं राहिलं होतं तिथून पुढं सांगू लागली.